व्हीव्हीसी एन्कोडरमध्ये एएलएफचा वेळ कसा कमी करावा?

प्रश्न

एच.२६६ (म्हणजेच व्हीव्हीसी, व्हिडिओ कॉम्प्रेशनचं स्टँडर्ड) एन्कोडर, ३८४०×२१६०, १० बिट, सीटीयू (फ्रेमचा चौकोनी तुकडा) १२८. प्रोफाइलमध्ये लूप फिल्टरपैकी (कोडिंगमधले दोष कमी करणारे फिल्टर) एएलएफ, म्हणजे ॲडॅप्टिव्ह लूप फिल्टर, सगळ्यात वर दिसतो. त्यातही प्रत्यक्ष फिल्टरिंगपेक्षा कोव्हेरियन्स (फिल्टरचे सहगुणक काढायला लागणारी आकडेवारी) गोळा करण्यात जास्त वेळ जातो. नॉन-लिनिअर क्लिपिंग (शेजारच्या पिक्सेलशी असलेला फरक मर्यादेत ठेवणं) चालू आहे, क्लास (४×४ ब्लॉकचे गट) २५, सीसी-एएलएफही (ल्युमा म्हणजे उजेड, त्यावरून क्रोमा म्हणजे रंग सुधारणारा फिल्टर) चालू. हा भाग सिम्डमध्ये (एका आदेशात अनेक आकडे हाताळणारा कोड) आधीच लिहिलेला आहे, तरी थ्रेड वाढवले की वेग वाढायचा थांबतो. क्वालिटी फार न गमावता कुठे कात्री लावावी?

उत्तर १

थ्रेड वाढवून वेग वाढत नाही, म्हणजे अडचण गणिताची नसून मेमरीची आहे. हिशेब करून पाहा. ल्युमाचा ७×७ डायमंड २५ टॅपचा (फिल्टरमध्ये येणाऱ्या पिक्सेलचा) असला तरी सिमेट्रीमुळे सहगुणक १३, आणि मधला बाकीच्यांवरून ठरतो, म्हणून अज्ञात फक्त १२. क्लिपिंगच्या ४ पातळ्या धरल्या की प्रत्येक क्लासला १२×१२ ची मॅट्रिक्स १६ वेळा लागते. २५ क्लास × १६ × १४४ × ४ बाइट = एका सीटीयूला २,३०,४०० बाइट. या फ्रेममध्ये ५१० सीटीयू, म्हणजे सुमारे ११७ एमबी, आणि हे सगळं ऑन-ऑफच्या निर्णयासाठी पुन्हा पुन्हा वाचलं जातं. कॅशमध्ये राहणार कसं?

ल्युमाचं नॉन-लिनिअर बंद करा आणि मॅट्रिक्सचा वरचा त्रिकोणच साठवा. १४४ ऐवजी ७८ नोंदी, सीटीयूला ७,८०० बाइट, पूर्ण फ्रेमला ४ एमबीच्या आसपास. नॉन-लिनिअरचा फायदा खरा आहे, पण या किमतीला तो मंद प्रीसेटपुरताच ठेवावा असं माझं मत.

त्यानंतर स्टॅटिस्टिक्ससाठी एक सोडून एक ओळ घ्या. फ्रेममध्ये ८२,९४,४०० पिक्सेल, म्हणजे क्लासमागे सरासरी ३ लाख ३१ हजार. १२ अज्ञातांसाठी त्याच्या निम्मे पिक्सेलही भरपूर झाले. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते: डिस्टॉर्शनचा (मूळ चित्रापासूनच्या फरकाचा) अंदाज याच स्टॅटिस्टिक्समधून येतो, त्यामुळे त्याला २ ने गुणावं लागतं. नाहीतर लॅम्डा × बिटच्या (बिटांच्या खर्चाच्या) तुलनेत एएलएफचा फायदा निम्माच दिसतो आणि कितीतरी सीटीयू विनाकारण ऑफ होतात. क्लासिफिकेशनच्या ओळी मात्र गाळू नका. तिथे डिकोडरशी बिट-टू-बिट जुळायला हवं, आणि ग्रेडियंट (शेजारच्या पिक्सेलमधले बदल) निम्म्या जागांवरच काढायचे हे स्टँडर्डनेच ठरवून दिलं आहे.

उत्तर २

वरच्यात भर. बेरजा इंट-३२ मध्ये करत असाल तर त्या कुठे रिकाम्या करता ते तपासा. १० बिटमध्ये समोरासमोरच्या दोन टॅपच्या फरकांची बेरीज ±२०४६ पर्यंत जाते. २०४६² × ५१२ = २,१४,३२,९१,३९२, म्हणजे इंट-३२ मध्ये जेमतेम मावते. १२८ रुंद सीटीयूची ४ ओळींची पट्टी बरोबर ५१२ पिक्सेलची असते. प्रत्येक पट्टीनंतर इंट-६४ किंवा डबलमध्ये ओता. थेट फ्लोटमध्ये साचवलं तर खालचे बिट गळतात आणि क्वचित येणाऱ्या क्लासची चोलेस्की (समीकरणं सोडवायची पद्धत) फसते.

दुसरं, प्रत्येक फ्रेमला नवे फिल्टर काढायची गरजच नाही. एएलएफचे ८ एपीएस (फिल्टरचे सहगुणक डिकोडरकडे नेणारे पॅरामीटर सेट) ठेवता येतात आणि १६ फिक्स्ड फिल्टर सेट फुकट मिळतात. वरच्या टेम्पोरल लेयरच्या (फ्रेमच्या संदर्भक्रमातल्या पातळीच्या) फ्रेमना कोव्हेरियन्स, क्लास-मर्जिंग (क्लास एकत्र करणं), सगळं वगळा. क्लासिफिकेशन करा, उपलब्ध सेट लावून पाहा, सीटीयूला जो बरा दिसेल तो निवडा. या फ्रेम सहसा संदर्भ म्हणून कमी किंवा अजिबात वापरल्या जात नाहीत, म्हणून तोटाही तिथल्या तिथे राहतो.

क्लास-मर्जिंगमध्ये पहिल्या फेरीला ३०० जोड्या होतात. पुढच्या फेऱ्यांत फक्त नव्याने जोडलेल्या क्लासच्या जोड्या सोडवा, बाकीच्यांची किंमत जपून ठेवा.

प्रश्नकर्ता

नॉन-लिनिअर बंद केल्यावर थ्रेडचा फायदा दिसू लागला, आभार. एपीएस पुन्हा वापरल्यावर दोन अडचणी आल्या. मधूनच प्ले केलं तर काही फ्रेम बिघडतात. शिवाय नव्या सिम्ड क्लासिफायरमुळे सीटीयूच्या खालच्या कडेजवळ आडव्या पट्टीत मिसमॅच (एन्कोडर आणि डिकोडरच्या चित्रात फरक) येतो. तो मात्र सुरुवातीपासून प्ले केलं तरी येतोच.

उत्तर २

पहिली अडचण: रँडम ॲक्सेसच्या फ्रेमला (जिथून प्ले सुरू करता येतं) तुमच्याकडचे एपीएस अजून जिवंत आहेत, पण तिथूनच सुरू करणाऱ्या डिकोडरकडे ते आलेलेच नाहीत. आयआरएपीला (म्हणजे अशा फ्रेमला) एएलएफची एपीएस यादी रिकामी करा आणि लागतील ते पुन्हा पाठवा. शिवाय फ्रेमच्या स्वतःच्या लेयरपेक्षा वरच्या टेम्पोरल लेयरचा एपीएस निवडू नका, स्टँडर्डला ते चालत नाही.

उत्तर ३

आडवी पट्टी म्हणजे व्हर्च्युअल बाउंड्री (एएलएफने जिच्यापलीकडे पाहायचं नाही ती रेषा). ल्युमात ती सीटीयूच्या खालच्या कडेच्या ४ ओळी वर असते, क्रोमात (४:२:०) २. सीटीयूच्या कडेवर डीब्लॉकिंग (ब्लॉकच्या कडा मऊ करणारा फिल्टर) वरच्या बाजूला जास्तीत जास्त ३ ल्युमा ओळी बदलतं आणि एसएओला (एएलएफच्या आधीचा फिल्टर) आणखी १ लागते, म्हणून ४. त्या रेषेपलीकडचे पिक्सेल ना फिल्टरमध्ये घ्यायचे ना ग्रेडियंटमध्ये.

फिल्टरमध्ये पॅडिंग दोन्ही बाजूंनी सारखं करायचं: खालची ओळ उपलब्ध नसेल तर वरची तितक्याच अंतरावरची ओळही बदलायची. एकाच बाजूला केलं तर सिमेट्री मोडते. क्लासिफायरमध्ये रेषेला लागलेल्या ४×४ ब्लॉकची खिडकी ८ ऐवजी ६ ओळींची होते आणि ॲक्टिव्हिटीचा (ग्रेडियंटच्या बेरजेचा) गुणक २ ऐवजी ३ घ्यावा लागतो. सिम्ड आवृत्तीत बहुतेक हाच सुटतो: क्लास एखाद्या पायरीने चुकतो आणि चूक फक्त त्या पट्टीत दिसते. आधी दोन्ही आवृत्त्यांचे क्लास इंडेक्स ताडून पाहा, पिक्सेल नंतर.

सीसी-एएलएफला मी शेवटी हात लावेन. त्याचे ८ टॅप आणि सहगुणकांची मूल्यं २ च्या घातांची, म्हणजे शिफ्टवर भागतं. तो एसएओनंतरचा, एएलएफपूर्वीचा ल्युमा वाचतो, तेव्हा ल्युमा फिल्टर संपायची वाट न पाहता वेगळ्या थ्रेडवर टाका. एवढंच, की त्यासाठी ल्युमा जागच्या जागी ओव्हरराइट करता येणार नाही.