छातीवरच्या गाठी आणि इलेक्ट्रोकेमोथेरपी : युनिटचा घोळ, करंट आणि आठ मिनिटं

चाकू_कमी_बोलतो
नमस्कार मंडळी. स्तन काढून रेडिएशन झालेल्या ५८ वर्षांच्या बाईच्या छातीच्या कातडीवर कर्करोगाच्या ९ गाठी आहेत. इलेक्ट्रोकेमोथेरपी करायची आहे, म्हणजे कर्करोगाचं औषध ब्लिओमायसिन देऊन गाठींवर मशिनने विजेचे अगदी छोटे झटके (पल्स) द्यायचे. सर्वांत मोठी अडीच सेंटिमीटरची, बाकीच्या अर्धा ते एक. शरीराचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) नॉर्मल. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ब्लिओमायसिन शिरेतून द्यावं की गाठीत? प्रोटोकॉल म्हणतो चौरस मीटरला १५,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) आणि इथल्या व्हायलवर, म्हणजे औषधाच्या बाटलीवर, छापलंय १५ युनिट, मग हजारपट फरक कसा? आणि मशिनवर करंट कधी अर्ध्या अँपिअरच्याही खाली, कधी एकदम वर जातो, ते का?

गाठवाला_सर्जन
आधी युनिट, कारण जीवघेणी चूक तिथेच होते. आपल्या व्हायलवरचं १ युनिट म्हणजे १,००० आययू. १५ युनिटची एक व्हायल म्हणजेच १५,००० आययू. दोन्ही आकडे एकच आहेत, फक्त मोजपट्टी वेगळी. तुमच्या बाईंना १५,००० गुणिले १.५, म्हणजे २२,५०० आययू, दीड व्हायल. प्रत्येक व्हायल ५ मिली सलाइनमध्ये विरघळवली तर साडेसात मिली होतं. कागदावर दोन्ही एककं लिहा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.

गाठी सातच्या वर आणि एक दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, तेव्हा शिरेतूनच. रेडिएशन खाल्लेली कातडी चामड्यासारखी कडक असते. तिथे गाठीत सुई मारली की अर्धं औषध सुईच्या बाजूनेच परत बाहेर येतं. अशा जागी रक्तपुरवठाही कमी असल्यामुळे ताज्या कातडीइतका निकाल मिळेलच असं नाही, हे घरच्यांना आधीच सांगा.

औषध अर्धा ते एक मिनिटात द्यायचं आणि मग आठ मिनिटं हात बांधून थांबायचं. आठव्यापासून अठ्ठाविसाव्या मिनिटापर्यंत सगळ्या गाठी आटोपायच्या. पल्स आधी देऊन औषध नंतर दिलं तर काम वाया जातं, कारण पल्सने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि औषध आत पोचतच नाही. ब्लिओमायसिनचा रेणू मोठा, पेशीचा पडदा एरवी त्याला आत घेत नाही. पल्सने पडद्याला छिद्रं पडतात, तेवढ्यात तो शिरतो आणि डीएनए तोडतो. नुसत्या पल्सने गाठ मरत नाही.

करंटबद्दल. पल्स आठ, प्रत्येकी १०० मायक्रोसेकंद. करंट दीड अँपिअरच्या खाली आला तर ती जागा झालीच नाही असं समजून पुन्हा द्या. करंट पडतो तेव्हा मशिनच्या सुया (पल्स देणारे इलेक्ट्रोड) बहुतेक वेळा चरबीत किंवा वाळलेल्या खपलीत असतात, किंवा एखादी सुई बाहेरच राहिलेली असते. एकदम चढला तर सुई वाकून शेजारणीला जवळ आलीय, नाहीतर फुटलेल्या गाठीवर रक्त-सलाइनचं डबकं आहे. पुसा आणि पुन्हा टोचा. मोठ्या गाठीला षट्कोनी सुया, छोट्यांना दोन रांगांच्या. चपट्या प्लेट उथळ गाठीलाच, त्याही जेल लावून. कडेची अर्धा ते एक सेंटिमीटर चांगली दिसणारी कातडी सोडू नका. टोचण्या एकमेकींवर चढल्या पाहिजेत, मधे कोरी पट्टी राहिली की गाठ तिथूनच परत येते. माझ्या मते ‘औषध लागलं नाही’ म्हणून ओरड होते, तिथे बहुतेकदा ही पट्टी किंवा घड्याळ चुकलेलं असतं.

भूलवाला_धंतोली
एवढ्या गाठी एका बैठकीत, म्हणजे पूर्ण भूल द्या. मशिनला पर्याय असेल तर १ हर्ट्झऐवजी ५ किलोहर्ट्झवर चालवा, म्हणजे आठ झटक्यांऐवजी स्नायू एकदाच आखडतो. ब्लिओमायसिन आणि भरपूर ऑक्सिजन यांचं फुप्फुसात जमत नाही, म्हणून आत जाणारा ऑक्सिजन निभेल तितका कमी ठेवा. आधी फुप्फुसांची तपासणी, पेसमेकरची विचारपूस. पूर्वी ब्लिओमायसिन घेतलंय का तेही विचारा, कारण आयुष्यभराची बेरीज ४,००,००० आययूच्या आत राहायला हवी.

ईसीजीचे स्टिकर खसकन ओढू नका. ओरखडल्या, ओढलेल्या कातडीवर ब्लिओमायसिनचे काळे पट्टे उमटतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. पहिले एक-दोन दिवस खाजवणंही बंद.

आणि भाऊ, व्हायल २ ते ८ अंशातच ठेवायची असते. मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीतून आली तर परत करा.

चाकू_कमी_बोलतो
आभार दोघांचेही, सर. एखादी छोटी गाठ उरली तर तिच्यात थेट टोचता येईल का? मात्रा कशी काढायची?

गाठवाला_सर्जन
येईल, पण आठ आठवडे तरी बघा. काळी खपली धरते, ती ओढू नका. रेडिएशनच्या जागी जखम भरायला अडीच-तीन महिनेही लागतात. ड्रेसिंग कोरडं ठेवा, कूलरच्या दमटीत ते ओलं होतं. बाहेर पडताना उघडी कातडी दुपट्ट्याने झाका.

गाठीतल्या मात्रेसाठी एक व्हायल १५ मिलीत विरघळवा, म्हणजे मिलीला १,००० आययू. घनफळ = लांबी × रुंदी × रुंदी × ०.५२. दहा बाय आठ मिलिमीटरची गाठ सुमारे ०.३३ घन सेंटिमीटर भरते. अर्ध्या घन सेंटिमीटरच्या आत असेल तर घन सेंटिमीटरला १ मिली, म्हणजे इथे ०.३३ मिली. अर्धा ते एकपर्यंत घन सेंटिमीटरला अर्धा मिली, त्यावर घन सेंटिमीटरला पाव मिली. इथे मात्र आठ मिनिटं थांबायचं नाही, एक-दोन मिनिटांत पल्स.

सेमिनरी_हिल्स_पशुवैद्य
कुत्र्या-मांजरांचं कुणी वाचत असेल तर : केस पूर्ण भादरा, केसांवर प्लेट नीट टेकत नाही. भूल लागतेच. आणि ब्लिओमायसिन मिळत नाही म्हणून मांजराला शिरेतून सिस्प्लॅटिन (कर्करोगाचं दुसरं औषध) देऊ नका, फुप्फुसात पाणी भरून जातं ते.