प्रायोगिकवाले कमर्शियल गोष्टींतून खरंच काही घेतात का?

प्रश्न: प्रायोगिक नाटकात टीव्ही, पॉप गाणी, जाहिराती दिसतात त्या फक्त खिल्ली उडवायला असतात का?

उत्तर: अजिबात नाही! इटलीचा प्रयोगशील कवी मारिनेत्ती याने १९१३ मध्येच व्हरायटी शोच्या (गाणी, विनोद, कसरती असा करमणुकीचा कार्यक्रम) बाजूने जाहीरनामा लिहिला होता, आणि जर्मन नाटककार ब्रेश्तला तर बॉक्सिंगचं इतकं वेड की नाटकाचा प्रेक्षकही त्याला तसाच हवा होता, रिलॅक्स बसून जाणकार नजरेने खेळ पारखणारा.

उत्तर: रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन पण आहे ना, १९२३ ला जुन्या रशियन नाटककार ऑस्त्रोव्स्कीचं नाटक त्याने पार सर्कस करून टाकलं, तारेवरची कसरत काय, शेवटी प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली फटाके काय!

उत्तर: न्यूयॉर्कचा वूस्टर ग्रुप हा प्रायोगिक नाटकाचा ग्रुप बघा. स्टेजवर मॉनिटर, त्यावर सिनेमाचे तुकडे, आणि नट त्या तुकड्यांतल्या हालचाली जशाच्या तशा करतात. एवढ्या बारकाईने कॉपी करायला ती गोष्ट आवडावी लागते.