शिफ्ट इनचार्ज कोणाला करावं: आयटीआयचा जुना टर्नर की डिप्लोमावाला?

रबाळे_युनिट: रबाळे एमआयडीसीत सीएनसी टर्निंगचं (संगणकानं चालणाऱ्या लेथवरच्या कामाचं) छोटं युनिट आहे, दोन शिफ्ट. दुसऱ्या शिफ्टला इनचार्ज हवाय. एक १४ वर्षं मशिनवर असलेला आयटीआय टर्नर, दुसरा मेकॅनिकल डिप्लोमा, दोन वर्षं क्वालिटीत. मालकांचा कल डिप्लोमाकडे. काय बघून ठरवावं?

वागळे_इस्टेट: सर्टिफिकेटं आणि वर्षं दोन्ही बाजूला ठेवा. रात्री इनचार्जला एकट्यानं कोणते निर्णय घ्यावे लागतात ते लिहा आणि दोघांना वेगवेगळं बसवून तेच विचारा. उदाहरणार्थ, शाफ्टचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत चाललाय, काय कराल? टर्नर इन्सर्ट (हत्याराचं बदलता येणारं कापणारं टोक) झिजल्याचं लगेच ओळखेल. पण शेवटच्या ओके तपासणीनंतर पेटीत पडलेले नग बाजूला काढायचं त्याला सुचतं का, ते बघा. डिप्लोमावाला नग अडवेल, नोंदही करेल, पण इन्सर्ट न बघता नुसता ऑफसेट (मशिनमध्ये मापाची दुरुस्ती) देत राहिला तर मध्येच इन्सर्ट तुटून नगासकट जाईल. ज्याची उणीव तीन महिन्यांत भरून निघेल, तो तुमचा माणूस. माझं मत टर्नरच्या बाजूनं झुकतं. रिपोर्ट लिहायला शिकवणं त्यामानानं सोपं.

तुर्भे_नाका: झुकतं माप ठीक, पण जुन्या कारागिराची एक खोड असते. अडलं की ऑपरेटरला बाजूला सारून स्वतःच सेटिंग करतो. मग तो रजेवर गेला की शिफ्ट आडवी. शिकवायची पद्धत त्याला आधी शिकवा: ऑपरेटरची तयारी करून घेणं, कारणासकट करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, मग लक्ष ठेवणं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) या कारखान्यातल्या प्रशिक्षण कार्यक्रमात हेच चार टप्पे होते, आजही चालतात. शिफ्ट बदलताना १५ मिनिटं दोन्ही इनचार्ज मशिनपाशी हवेत, केबिनमध्ये नव्हे.

रबाळे_युनिट: आणि ओईई (मशिनची एकूण परिणामकारकता) वगैरे? मालक रोज आकडा मागतात.

वागळे_इस्टेट: ४८० मिनिटांत ७२ मिनिटं मशिन बंद, म्हणजे उपलब्धता ८५ टक्के. वेग ९० टक्के, चांगले नग ९५ टक्के धरले तर तिन्हींचा गुणाकार, म्हणजे ओईई, ७३ टक्क्यांच्या आसपास. एक्सेलमध्ये सूत्र घालून द्या, इनचार्जनं फक्त बंदची मिनिटं आणि कारण भरायचं. ‘इतर’ हा रकाना ठेवू नका, सगळं तिथंच जातं.

तुर्भे_नाका: डिप्लोमावाल्याला तोडू नका मात्र. सहा आठवडे त्याच टर्नरकडे सेटिंगला लावा. आणि इनचार्जचा भत्ता पदाला द्या, डिग्रीला नाही.