उत्तर: गुलमर्गला गोंडोलाच्या (केबल कारच्या) हद्दीबाहेरच्या उतारावर स्कीइंगला जावं का?

वरच्या एका उत्तरात म्हटलंय की बर्फ पडून दोन दिवस झाले, ऊन पडलंय, दुसऱ्यांच्या स्कीच्या खुणाही आहेत म्हणजे हिमस्खलनाचा धोका नाही, सेफ. कृपया यावर विसंबू नका. अफरवटवर (गुलमर्गच्या वरचा डोंगर) बर्फ पडायचा थांबला तरी वारा तो उचलून आडोशाच्या बाजूला साठवत राहतो, आणि खुणा असलेल्या उतारावरचा बर्फही पुढच्या माणसाखाली सुटून घसरतो.

मी तिथे फावड्याने खड्डा खणून पाहिलाय, वर घट्ट थर आणि खाली जाड साखरेसारखे दाणे, मुठीत घेतले तर लाडूच वळेना, त्यावर वरचा थर नुसता टेकलेला असतो. चालताना पायाखाली धप्प असा दबका आवाज (थर खचल्याचा) आला तर तिथूनच मागे फिरा, मी फिरलोय.

बहुतेक स्लॅब (एकसंध घसरणारे बर्फाचे थर) ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, मोबाईलच्या ॲपने कोन मोजता येतो. डीजीआरईचं (हिमस्खलनाचा अंदाज देणारी डीआरडीओची संस्था) बुलेटिन रोज बघा, पण ते मोठ्या भागासाठी असतं, तुमच्या उताराचं नाही. आणि बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच हवं, गाडलेल्या माणसाला साधारण पंधरा मिनिटांत काढलं नाही तर वाचायची शक्यता झपाट्याने घसरते, बाहेरून मदत तोवर पोचत नाही.