व्हॅली ऑफ फ्लॉवर्स: मे की ऑगस्ट?

सुखदा_व:
नमस्कार मंडळी. मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स उरकून घ्यायची, असा घरात ठराव झालाय. आईपण येणार म्हणते (वय ६६, गुडघे कुरकुरतात). मेच्या शेवटच्या आठवड्यात फुलं आणि धबधबे दोन्ही मिळतील ना? दरीजवळच्या घांगरिया या मुक्कामाच्या गावाहून एका दिवसात जाऊन येता येतं म्हणे.

भटका_आप्पा:
सुखदाताई, मेमध्ये गेलात तर बंद दाराला हात लावून परत याल. ही दरी म्हणजे राष्ट्रीय उद्यान, ते १ जूनला उघडतं, ३१ ऑक्टोबरला बंद होतं. आणि जूनच्या सुरुवातीला आत बर्फ नि ओली माती, गवत नुकतं डोकं वर काढतंय. आपला उन्हाळा वेगळा, तिथला वेगळा. खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा पलीकडच्या कड्यांवरून पाण्याच्या इतक्या धारा उतरत असतात की मोजायचा नाद सोडून द्यावा.

एका दिवसात होतं, कारण दुसरा पर्यायच नाही. आत मुक्कामाला बंदी आहे. सकाळी वनखात्याची चौकी उघडताच परवाना घ्या, कारण दुपारनंतर आत सोडत नाहीत. घांगरिया सोडलं की थोड्याच अंतरावर वाट फुटते: उजवीकडे हेमकुंड (शिखांचं तीर्थ), डावीकडे दरी. पुष्पावती नदी ओलांडली की दगडी पायऱ्यांचा चढ लागतो, भोजपत्राची झाडं दिसतात. दम इथेच निघतो. पुढे दरी उघडली की चाल सोपी.

आत गेल्यावर धावू नका. बहुतेक लोक कमरेएवढ्या गुलाबी फुलांत सेल्फी काढून परत फिरतात. ती फुलं आपल्या तेरड्याच्या भाऊबंदांची. ऑगस्ट सरताना त्यांच्या शेंगांना बोट लावा, फट्कन फुटून बिया उडतात. निळी पॉपी मात्र शोधावी लागते. दगडांच्या आडोशाला एकेकटी असते, देठापासून कळीपर्यंत पिवळट काटे, पाकळ्या इतक्या पातळ की पावसाचा थेंब बसला तरी वाकतात. मध्ये सोनेरी केसरांचा झुबका. मी तिच्यासमोर छत्री धरून बसलो होतो, बायको अजून चिडवते.

फ्रँक स्माइथ हा ब्रिटिश गिर्यारोहक १९३१ साली कामेट शिखराहून उतरताना चुकून इथे आला नि दरीचं नाव जगभर झालं. जोन लेग ही वनस्पती गोळा करायला आलेली बाई १९३९ मध्ये इथेच कड्यावरून घसरून गेली. तिची कबर आतच आहे, तिथवर जरूर जा.

रानजाई:
आप्पा, जूनला इतकं नावं ठेवू नका हो. बर्फ वितळतो तिथे जांभळी प्रिम्युला येते, ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात, गर्दी नसते. फुलांचा गालिचा नाही, एवढंच.

सुखदा_व:
बापरे, म्हणजे शाळा बुडवावी लागणार! आणि आईचं काय? घोडा मिळतो का?

भटका_आप्पा:
रानजाई, मान्य. पण ताईंना फुलं हवीत ना!

ताई, महामार्गावरच्या गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत जीप, तिथून घांगरिया साधारण १० किमी, इथे खेचर मिळतं. दरीत खेचरांना बंदी आहे, पण कंडीवाले असतात, पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात. आईंना लाज वाटेल, पण परतीच्या उतारावर गुडघे वाचतील. काठी दोन्ही हातांत द्या. रेनकोट नव्हे, मोठा पोंचो घ्या, पाठपिशवीही झाकली जाते.

आणि ऋषिकेशकडून येणारा रस्ता पावसात दरडींमुळे अडतो. परतीच्या रेल्वेआधी दोन दिवस मोकळे ठेवा. रस्ता सुरळीत मिळाला तर त्या दिवसांत बद्रीनाथजवळच्या माणा गावातून वसुधारा धबधबा करा. तिथलीही चाल चढाचीच आहे, आईंना मात्र गावात चहाला बसवा.