झटपट ऑनलाइन डावांत तुमचा खेळ कशाने सुधारला? अनुभव लिहा

मंडळी, २०२५च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला आणि आमच्या वाड्यावरची अर्धी पोरं मोबाइलवर ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळायला लागली. सिंदारोव आणि वेई यी यांचे अंतिम सामन्यातले मोठे डाव बरोबरीत सुटले, निकाल लागला तो रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या कमी वेळाच्या डावांत. घड्याळ त्यांनाही सोडत नाही, मग आपण तर तीन-तीन मिनिटं खेळणारे. ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची, पाठांतरं नकोत, अंगवळणी पडलेली एखादी सवय सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. माझ्याकडे राजा-वजीर, समोर एकटा राजा, घड्याळात ९ सेकंद. त्याचा राजा एच८ वर कोपऱ्यात गेला, मी घाईने वजीर जी६ वर टेकवला आणि स्क्रीनवर आलं, बरोबरी! राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. कोपऱ्यातल्या एकट्या राजापासून वजीर घोड्याच्या अडीच घरांवर थांबला की स्टेलमेट होतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. मग पंधरा दिवस रोज जेवणानंतर कॉम्प्युटरसमोर घड्याळ लावून वजिराची मात आणि हत्तीची मात घटवली. आता वजिराने मात करायला फार तर १५ सेकंद लागतात आणि शेवटी छाती धडधडत नाही.
म्हापसा

मी रोज रायबंदरच्या फेरीबोटीने जातो, पलीकडे पोचेपर्यंत एक डाव होतो. एकदा माझ्याकडे एक हत्ती जास्त होता आणि नदीच्या मधोमध नेट गेलं. नेट गेलं तरी घड्याळ चालूच राहतं, वेळ संपून हरलो. तेव्हापासून बोटीत फक्त कोडी सोडवतो, डाव घरी. आणि ३+० (नुसती तीन मिनिटं) सोडून ३+२ धरलं. प्रत्येक चालीला दोन सेकंद म्हणजे साठ चालींत पूर्ण दोन मिनिटं पदरात पडतात. जिंकत आलेला डाव नुसत्या घाईने जात नाही.
दिवाडी

प्रीमूव्हबद्दल, म्हणजे समोरच्याच्या चालीआधीच आपली पुढची चाल लावून ठेवण्याबद्दल, लिहिते. मी तो फक्त परत मारण्यासाठी ठेवते. समोरच्याने माझी सोंगटी मारलीच नाही, तर त्या घरात माझीच सोंगटी असते, चाल आपोआप रद्द होते, नुकसान काही नाही. रिकाम्या घरात वजीर सरकवायचा प्रीमूव्ह मात्र कधीच नाही. असे तीन वजीर फुकट दिलेत.
वास्को

चवथीला गावच्या घरी सगळे जमलो होतो. रात्री आरती-भजन आटोपल्यावर मी कोपऱ्यात बसून पहिला डाव हरलो. तो भरून काढायला दुसरा, मग तिसरा. दीड वाजता पाहिलं तर रेटिंगचे १४० गुण गेलेले. शेवटच्या पाच डावांत मी विचारच केला नव्हता, नुसता राग काढत होतो. दुसऱ्या दिवशी बहिणीने माझ्याकडून कबूल करून घेतलं: लागोपाठ दोन हार, की फोन तिच्या हातात. घरी परतल्यावरही तो नियम पाळतो, फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवतो. माझ्या खेळात सर्वांत मोठा फरक यानेच पडला, असं मी मनापासून सांगतो.
साखळी

अनुराग म्हामल २०१७ साली गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला, तेव्हा पन्नाशीत मी पुन्हा पट उघडला. पोरांच्या बोटांचा वेग मला नाही. म्हणून ओपनिंग दोनच: पांढऱ्याने लंडन, काळ्याने कॅरो-कान, बाकी काही नाही. पहिल्या दहा चाली वीस सेकंदांत होतात, उरलेला वेळ मधल्या खेळाला. समोरच्याची चाल पडली की आधी पाहतो: शह आहे का, काही मारतोय का, पुढे कसली धमकी आहे का.
फोंडा

काका, तुम्ही हे प्रत्येक चालीला पाहता? तीन मिनिटांत पुरतं?
म्हापसा

नाही रे बाबा. पट शांत असेल तर नजर फिरवून पुढे जातो. त्याचा वजीर किंवा घोडा माझ्या राजाकडे वळला, की चार-पाच सेकंद मुद्दाम हात मांडीवर ठेवतो. आधी माझे निम्मे डाव त्याच चालीवर जायचे.
फोंडा