सल्ला हवा: बाबांना "केलं की नाही" हेच आठवत नाही, घरात काय बसवू?

कुळागरची_लेक
बाबा ७६ वर्षांचे. घर सावईवेऱ्याला, मी म्हापशाला, शनिवार-रविवार जाते. आई गेल्यापासून एकटेच असतात. माणसं ओळखतात, सुपारीचा हिशेब चोख, गोवा मुक्तीच्या वेळचं तर तारखेनिशी सांगतात. पण सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी नऊ वाजता आठवत नाही. गेल्या महिन्यात दोनदा घेतली आणि चक्कर येऊन पडवीत बसून राहिले. गॅस बंद केला का म्हणून कुळागराच्या, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेच्या, अर्ध्या वाटेवरून परत येतात. चाव्यांचं विचारूच नका.
कॅमेरा नको म्हणतात. "मी काय चोर, माझ्यावर नजर ठेवायला?" सेन्सर, टॅग, घड्याळ, काहीही चालेल, पण स्वतः वापरलेलं सांगा. दुकानदारांच्या शिफारशी पुरे झाल्या.

शुश्रूषा
काहीही विकत घेण्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. ही दोन्ही कमी असली तरी विसरायला होतं, आणि औषधाने सुधारतं. ऐकायला कमी येतं का तेही बघा. जे नीट ऐकूच आलं नाही ते आठवणार कुठून? आणि डबल डोसबद्दल डॉक्टरांना सांगितलंत ना?

कुळागरची_लेक
सांगितलं. रक्ताची तपासणी परवा आहे.

पोदेर_आला_रे
ताई, इतकं कशाला? रोज सकाळी पोदेर भोंपू वाजवत येतो ना? पाव घ्यायचा, चहा टाकायचा, गोळी घ्यायची. आमच्या आजीचं अख्खं वेळापत्रक त्या भोंप्यावर चालायचं. बॅटरी नको, वायफाय नको.

चिऱ्याची_भिंत
पोदेराची आयडिया चांगली, पण ती अर्धीच. गोळी *घ्यायची आहे* याची आठवण भोंपू देईल. नऊ वाजता "*घेतली* का?" याचं उत्तर पोदेर देणार नाही, तोवर तो पुढच्या वाड्यावर पोचलेला असतो. बाबांची अडचण ही दुसरी आहे. अलार्मचाही उपयोग नाही, तो बंद केला की पाठीमागे काहीच खूण उरत नाही.

मी वायरिंगची कामं करतो, माझ्या काकांच्या घरी हे बसवलंय. दाराला लावतात तो दोन तुकड्यांचा सेन्सर घ्या. एका तुकड्यात लोहचुंबक, दुसऱ्यात चुंबकाने जुळणारी बारीक पाती. एक गोळ्यांच्या खणाला, एक चौकटीला. खण उघडला की चुंबक लांब जातं आणि वेळ नोंदली जाते. आता बहुतेक जण चुकतात ते इथे: ती नोंद मुलांच्या मोबाइलवर पाठवतात. तुम्हाला म्हापशाला कळून बाबांना काय फायदा? त्याला पडवीतला एक छोटा दिवा जोडा. पहाटे पाचनंतर खण उघडला की दिवा लागेल, दुपारी बारापर्यंत राहील. दिवा लागलेला दिसला की गोळी झाली.

दोन गोष्टी सांभाळा. त्या खणात गोळ्यांशिवाय काहीही ठेवू नका. सेन्सरला खण उघडलेला कळतो, गोळी गिळलेली नाही. दुसरं, जुन्या घरातल्या चिऱ्याच्या भिंती हातभर जाड, त्यातून सिग्नल धड जात नाही. वायफायचा डबा माजघरात आणा आणि इन्व्हर्टरवर घ्या. पावसात लाइट किती टिकते ते तुम्हाला सांगायला नको.

जुनी_डायरी
कॅमेऱ्याला सरसकट नाही म्हणू नका. केंब्रिजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'सेन्सकॅम' नावाचा गळ्यात अडकवायचा कॅमेरा केला होता. उजेड बदलला, माणूस हलला, समोर कोणी आलं की तो आपोआप फोटो काढी, नाहीतर दर ३० सेकंदांनी. तिथल्याच एका हॉस्पिटलात मेंदूच्या आजाराने स्मृती गेलेल्या ६३ वर्षांच्या बाईंना तो दिला. दर दोन दिवसांनी नवऱ्याबरोबर बसून त्या फोटो बघायच्या. पुढे त्यांना त्यातले सुमारे ८० टक्के प्रसंग आठवायला लागले, वहीतल्या नोंदी वाचून आठवायचे त्याहून कितीतरी जास्त. हे २००७ साली छापून आलं. एकाच रुग्णाचा अनुभव आहे हे खरं, पण मला त्यातलं एक पटतं: आठवण फोटोत नव्हती, फोटोने नुसतं दार लोटलं.

चिऱ्याची_भिंत
गळ्यात कॅमेरा अडकवून शेजाऱ्याकडे नाहीतर देवळात गेले तर गाव काय म्हणेल? 😄 कॅमेरा बाबांच्याच हातात असू दे. गॅस बंद केल्यावर रेग्युलेटरचा मोबाइलवर एक फोटो. वाटेत शंका आली की तो बघायचा, वर वेळ असतेच. खर्च शून्य.
गॅसगळतीचा अलार्म लावणार असाल तर जमिनीजवळ लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. छताला लावलेले मी कितीतरी काढून खाली आणलेत.

तारवटी
चाव्यांना ब्लूटूथ टॅग. घरात उत्तम, मोबाइलवरून वाजवता येतो. हरवला तर शोधायला मात्र जवळून जाणाऱ्या लोकांचे फोन लागतात. म्हापशाच्या बाजारात सापडेल, कुळागरात माकडांकडे फोन नसतात. आणि टॅग बाबांच्या फोनला चालतो का ते आधी बघा, सगळे सगळ्यांना चालत नाहीत.

कुळागरची_लेक
तीन आठवड्यांनी लिहितेय. बी-१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. शुश्रूषाताई, तुमचे आभार कसे मानू.

खणाचा दिवा बसवला. पहिल्याच दिवशी बाबांनी त्यात चष्मा ठेवला आणि संध्याकाळी गोळी उरलेली सापडली, म्हणजे भिंतदादांनी सांगितलं होतं तेच. आता खणावर चिठ्ठी आहे. सतरा दिवसांत एकदाही डबल डोस नाही. शेजारच्या काकी मात्र विचारतात, दिवसाढवळ्या दिवा कसला?

रेग्युलेटरचे फोटो बाबांना फारच आवडलेत. फोनमध्ये आता चाळीस रेग्युलेटर आणि माझा एक फोटो.

काल चाव्या पुन्हा गेल्या. टॅग वाजवला तर आवाज तांदळाच्या डब्यातून. मी बघतच राहिले. बाबा म्हणाले, "अगं, चतुर्थीला घर उघडं असतं ना, पाहुणे येतात-जातात, म्हणून मीच ठेवल्या होत्या. तू त्या वेळी गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधत होतीस."
खरंच बांधत होते.

पोदेर_आला_रे
डब्यात आणखी काही सापडलं का? आमच्या आजीच्या डब्यात पैसे असायचे.

कुळागरची_लेक
आईचं मंगळसूत्र. ते बाबांनी परत तिथेच ठेवलं.